राहीबाईचा टप्पा

सांगलीच्या पोस्टात भूपाल मगदुमांना सगळे 'शिक्केवाले मगदूम' म्हणत. समोर पत्र आलं की त्यांची नजर आधी पत्त्यावर जायची नाही, शिक्क्यावर जायची. सॉर्टिंगच्या टेबलाशी उभे राहिले की हात आपोआप पत्रं खणाखणांत टाकत राहायचा, आणि मधेच एखादा पुसट, वाकडा, कुठल्या तरी कोपऱ्यातल्या गावाचा शिक्का दिसला की तोच हात अडायचा. मग मागून कुणीतरी ओरडायचं, "मगदूम, गाडी सुटतीया! शिक्का घरी जाऊन बघा."

हे वेड त्यांना नोकरीच्या पहिल्याच वर्षी लागलं होतं. वडील आदगोंडा मगदूम कृष्णाकाठचे हळदीचे शेतकरी. पोरानं मळा बघावा अशी त्यांची इच्छा, पण पोरगा मॅट्रिक होऊन पोस्टात चिकटला. नवा म्हणून त्याला माळा साफ करायला लावला. माळ्यावर कुजलेल्या थैल्या होत्या, मोडका तराजू होता, वाळून दगड झालेली लाख होती, आणि त्या सगळ्याखाली पितळेचा एक शिक्का होता. त्यावर एका गावाचं नाव होतं. त्या गावी पोस्ट होतं हे ऑफिसात कुणालाच ठाऊक नव्हतं. कधी उघडलं, का बंद पडलं, तिथला मास्तर कोण होता, कुणी म्हणजे कुणी सांगेना. भूपालनं शाई लावून तो शिक्का स्वतःच्या तळहातावर उमटवला, मग पितळी शिक्का पुसून साहेबांच्या ताब्यात दिला. संध्याकाळी घरी आल्यावर नव्या नवरीला तळहात दाखवला.

"हे काय? गोंदवून आलात?" त्रिशला म्हणाली.

"एक गाव आहे हे," भूपाल म्हणाला. हातावरचा तो ठसा त्यानं हात न धुता दुसऱ्या दिवसापर्यंत सांभाळला. त्रिशलानं त्याला जेवायला चमचा दिला. अख्ख्या घरात तो एकच चमचा होता.

तिथून जे सुरू झालं ते संपलंच नाही. रविवारी लोक नाटकाला जात, भूपाल मगदूम पेठेत जात. हळदीचे आणि गुळाचे व्यापारी आलेली पत्रं वाचून झाली की तारेला टोचून ठेवत. वर्षानुवर्षं ती तार भरत जायची. मगदूम दुकानाच्या पायरीवर बसून एकेक तार उतरवत, धूळ झटकत, मालकाला विचारून एखादं पाकीट मागून घेत. व्यापाऱ्यांना गंमत वाटायची. "मजकूर नको म्हणतो, नुसतं पाकीट मागतो," म्हणून ते हसत, पण चहा पाजत. घरी एक कपाट भरलं, मग दुसरं भरलं. मूलबाळ नव्हतं. त्रिशला कधी चिडून म्हणायची, "एवढी माया कागदावर," आणि मग स्वतःच त्या पाकिटांत कडुनिंबाचा पाला घालून ठेवायची.

नुसतं जमवून मगदुमांचं भागेना. त्यांनी लिहायला घेतलं. कुठली डाक कुठल्या वाटेनं जायची, नदीला पूर आला की थैल्या नावेतून कशा नेत, तारेचे खांब आपल्या भागात कधी आले, असं बारीकसारीक. सांगलीतल्या एका साप्ताहिकाचे संपादक नानासो हे त्यांचे शाळेतले सोबती. त्यांच्या साप्ताहिकात अधूनमधून ते छापून येई. अडचण एकच होती. घाईघाईत पावत्या फाडून मगदुमांचं अक्षर पार बिघडलं होतं. छापखान्यातल्या माणसाला ते लागत नसे. तेव्हा त्रिशला पक्की प्रत करायची. ती सातवी पास होती आणि तिचं अक्षर मोत्यासारखं होतं. संध्याकाळचं जेवण दिवस मावळायच्या आत उरकायचं हा घराचा नेम, त्यामुळं नंतरचा वेळ मोकळाच असायचा. ते सांगायचे, ती लिहायची. असं करता करता पुस्तकाएवढा मजकूर झाला.

एकच प्रकरण नीट होत नव्हतं. मोटारी येण्याच्या आधी डाक पायी पळवत. खांद्यावर थैली, हातात घुंगरू लावलेला भाला, अशी माणसं ठरलेल्या टप्प्यापर्यंत धावत जात आणि तिथं पुढच्याच्या हाती थैली देत. सरकारी भाषेत त्यांना रनर म्हणत, गावात डाकवाला म्हणत. त्यांच्याबद्दल मगदुमांनी नियम जमवले होते, टप्प्यांची नावं जमवली होती, खाकी कोट किती वर्षांनी मिळे तेही त्यांना माहीत होतं. ते प्रकरण त्रिशलानं लिहून काढलं आणि दौत बाजूला ठेवली.

"यात सगळं आहे," ती म्हणाली. "पण यात पळतंय कोण?"

"म्हणजे?"

"माणूस कुठाय? भाला आहे, कोट आहे, थैली आहे. कोटाच्या आत कुणीच नाही."

मगदुमांना राग आला. दोन दिवस त्यांनी तो विषय काढला नाही. पण बाई खरं बोलली होती, हे त्यांना उमगलं होतं.

बहात्तर साली त्यांना बढती मिळाली आणि बढतीबरोबर बदलीही. सांगलीची कृष्णा सोडून माणदेशात, दहिवडीला सबपोस्टमास्तर म्हणून. ते वर्ष दुष्काळाचं. विहिरींना तळ दिसू लागलेला, माणसं खडी फोडायच्या कामावर, आणि तरणे गडी सगळे मुंबईला. मुंबईहून मनिऑर्डरी यायच्या तो दिवस पोस्टासमोर जत्रा. त्यातच ऑगस्टात पिनकोड सुरू झाला. "गावाला नाव असताना नंबर कशाला? आमी काय कैदी हाय?" असं लोक विचारत, आणि मगदूम प्रत्येकाला न कंटाळता समजावून सांगत. मनातून त्यांनाही वाईट वाटत होतं, ते कुणाला दाखवत नव्हते.

पोस्टमन गुंडा हा तिथलाच. सायकलवर सगळ्या वाड्या फिरलेला. मगदुमांनी पहिल्याच आठवड्यात त्याला विचारलं, "गुंडा, इथं पूर्वी डाकवाला कोण होता रे?"

"आसंल की कोनतरी. आमी कुठं बघितलंय, मास्तर?"

"विचार की लोकांना."

गुंडानं विचारलं. पावसाळा कोरडा गेला, दिवाळी झाली, आणि एका दुपारी तो थैली उतरवता उतरवता म्हणाला, "मास्तर, तुमचा डाकवाला घावला. नाथाजी. डोंगराकडनं पळायचा. पर त्यो मरून लय वर्षं झाली. म्हातारी हाय त्येची, राहीबाई. शेरडं राखती वस्तीवर."

त्या रविवारी मगदूम गुंडाच्या सायकलच्या मागं बसून निघाले. दहिवडीच्या उत्तरेला उघडे बोडके डोंगर, पायथ्याला दहा-बारा छपरांची वस्ती. शेवटच्या छपरापुढं एक उंच, काटक म्हातारी बाभळीच्या शेंगा शेळ्यांपुढं टाकत होती.

"राही आत्ती," गुंडानं हाक दिली, "आमचं मास्तर आल्यात. नाथाजी मामाचं इचाराय."

म्हातारीनं मगदुमांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "पोस्टातलं? आता गं बया! आता कशापायी? त्येनं थैली परत केलीया, भालाबी केलाय. आमच्याकडं काय न्हाई."

"काही मागायला नाही आलो, मावशी," मगदूम म्हणाले. "ऐकायला आलोय. ते कसे पळायचे, कुठल्या वाटेनं जायचे, हे मला लिहून ठेवायचंय."

"लिवून? आन त्ये वाचनार कोन?"

"मी वाचेन. माझी बायको वाचेल. अजून कुणी वाचेल."

म्हातारी हसली. तिनं घोंगडं टाकलं, शेळीच्या दुधाचा चहा केला, आणि सांगायला बसली. सुरुवातीला चार सरळ गोष्टी सांगितल्या. नाथाजी शिपाईगडी, अंगानं सडसडीत, पटका बांधायचा. गावापासून डोंगरावरच्या पिंपरणीच्या झाडापर्यंत त्याचा टप्पा. तिथं पलीकडच्या बाजूचा ज्ञानू यायचा. ज्ञानूला थैली द्यायची, त्याची घ्यायची, माघारी फिरायचं. मगदूम लिहीत होते. हे सगळं साधारण त्यांना माहीत होतंच.

मग त्यांनी विचारलं, "चढ केवढा होता?"

"चढाचं काय न्हाई वो," म्हातारी म्हणाली. "चढाला दम लागतो, पर पाय ऱ्हातो. उतार वंगाळ. वढ्याच्या वरच्या अंगाला मुरमाड हाय. तितं टाच टाकली का गेलाच. चवड्यावं उतराय लागतंय. आन थैलीचा पट्टा हितं," तिनं गळ्याच्या हाडाखाली बोट ठेवलं, "हितं काचतो. डाव्या खांद्याला घेतली तर भाला उजव्या हातात, मग वारा आला का भाला वडतो. म्हनून पिंपरन दिसाय लागली का खांदा बदलायचा. आन घुंगराचा आवाज तालात आला पायजे. ताल तुटला का समजायचं, आपला पाय थकला."

मगदुमांचा हात थांबला. इतकी वर्षं ते कागद वाचत होते. सांगोवांगी ऐकलेलं काय आणि अंगावरून गेलेलं काय, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी म्हातारीच्या पायांकडं बघितलं. भेगाळलेली, रुंद, बोटं फाकलेली पावलं.

"मावशी," ते हळूच म्हणाले, "हे नाथाजींनी सांगितलं तुम्हाला?"

राहीबाईनं पावलं लुगड्याखाली ओढून घेतली. गुंडा शेळीच्या करडाशी खेळत होता, तो थांबला.

"त्येनं कशाला सांगाय पायजे?" ती म्हणाली. "मी पळलीया."

गोष्ट अशी होती. लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पिऊन नाथाजीच्या पायात नारू झाला. पोटरीतून दोऱ्यासारखा जंत बाहेर यायला लागला. तो काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा ओढायचा, तुटला तर पाय सुजून कायमचा जायचा. अशा पायानं माणूस काठीशिवाय घरातल्या घरातही चालेना, तो डोंगर काय चढणार? आणि आजारी आहे म्हणून सांगितलं असतं तर दुसरा माणूस ठेवला असता. कोट गेला असता. नाथाजीला त्या कोटाचं फार. सगळ्या वस्तीत तेवढा एकच सरकारी कोट.

"मग मीच म्हनलं, आना हिकडं त्यो कोट," राहीबाई म्हणाली. "सकाळच्याला ह्यो काठी टेकत टेकत पोस्टात जायचा. पायाला काटा लागलाय म्हनून सांगायचा. थैली घेऊन वढ्याला यायचा. मी तितं बसल्याली. लुगड्याचा कासोटा वर खवायचा, कोट घालायचा, पटका बांधायचा. उंच मी मूळचीच. लांबनं कोन वळकतंय? भाला घेतला का सुटायची."

"आणि ज्ञानू? त्यानं ओळखलं नाही?"

"वळकलं की! डोळं हुतं त्येला." राहीबाईचा चेहरा एकदम कोवळा झाला. "पयल्या दिवशी मी पिंपरनीखाली ग्येले. त्यो बसला हुता चिलीम वडत. माज्याकडं बगितलं. पायाकडं बगितलं, पायात जोडवी हुती माज्या, काडाय इसारले हुते. उटला, थैली घेतली, आन म्हनतो कसा, 'काय नाथाजी, आज लवकर आलास?' बस. त्या दिसापासनं म्या नाथाजीच. कवा दुसऱ्या नावानं हाक मारली न्हाई, कवा कुनाला बोलला न्हाई. दुसऱ्या दिवशी मी जोडवी काडून ठिवली."

मगदुमांनी विचारलं, "हे लिहू का मी?"

"लिवा. पर त्येच्या नावानं लिवा," म्हातारी म्हणाली. "मी पळले आसं लिवू नका. लोक म्हनतील, बायकूच्या जिवावर कोट घातला. चांगला हुता वो त्यो. पाय बरा झाल्यावं पुन्ना त्योच पळला, मोटार येस्तवर."

मगदुमांनी शब्द दिला.

दहिवडीत पोस्टाच्या मागेच दोन खोल्या होत्या. त्रिशला तिथं राहायला आली होती आणि पाण्याच्या टंचाईनं वैतागलीही होती. त्या दिवसापासून तिचा वैताग पळाला. मगदूम रोज थोडं सांगत, ती लिहून घेई. मुरमाड उतार आला, काचणारा पट्टा आला, पिंपरण आली, चिलीम ओढणारा ज्ञानू आला. फक्त जोडवी आली नाहीत, आणि सगळीकडं 'नाथाजी धावला', 'नाथाजी उतरला' असंच आलं. लिहून झाल्यावर त्रिशलानं पानं नीट रचली.

"आता पळतंय," ती म्हणाली.

"हो ना?"

"पळतंय. पण तुम्ही तिला वाचून दाखवा. तिचं आहे ते."

पुन्हा एका रविवारी ते वस्तीवर गेले, या वेळी त्रिशलाही बरोबर. राहीबाईची लेक बनुबाई मुंबईहून आठ दिवसांसाठी आली होती. चाळिशीची, आईसारखीच उंच. बनुबाईला आईनं यातलं काही सांगितलेलं नव्हतं, हे मगदुमांच्या लगेच लक्षात आलं. बापावर कुणीतरी काहीतरी लिहिलंय एवढंच तिला माहीत होतं, आणि त्यानं ती हरखून गेली होती. पदर सावरून ती ऐकायला बसली.

मगदूम वाचू लागले. राहीबाई डोळे मिटून ऐकत होती. ओढा ओलांडला तेव्हा तिनं मान हलवली. घुंगराच्या तालापाशी तिचं बोट घोंगड्यावर ठेका धरू लागलं. मग डोंगराच्या मधल्या चढणीचं वर्णन आलं. मगदुमांनी लिहिलं होतं, 'हा चढ नाथाजी एका दमात काढी. तिथे तो कधीही थांबला नाही.'

"थांबा," राहीबाई म्हणाली. डोळे अजून मिटलेलेच. "हितं चुकलं."

"काय चुकलं, मावशी?"

"तितं थांबले हुते मी. एकडाव." तिनं डोळे उघडले. "त्यो न्हाई थांबला. मी थांबले. बसले. पोटात कळ आली."

बनुबाईनं आईकडं बघितलं. "आई, काय बोलतीस?"

राहीबाई तिच्याकडं न बघता मगदुमांना म्हणाली, "ह्ये आसं आयकलं, आन मला लाज वाटली बगा. त्येचं नाव घालून समदं चाललं हुतं ब्येस. पर ह्या चढावं माजी पोर हाय, मास्तर. ती कशी काडून टाकू? बाप्या मानसाच्या पोटात कुटनं यील ती?"

मग तिनं राहिलेलं सांगितलं. नारू एकामागून दुसरा निघाला, म्हणून पळणं लांबत गेलं. मधे दिवस राहिले. कोट ढगळ होता, पोट झाकलं जायचं. नाथाजी रोज म्हणायचा, आता पुरे, मी सांगतो पोस्टात. ती रोज म्हणायची, उद्या सांगा. दिवस भरायच्या आधीच, त्या चढावर कळा सुरू झाल्या. थैली दगडाआड ठेवली, भाला रोवला, आणि ती बसून राहिली. वर ज्ञानू वाट बघत होता. घुंगरं ऐकू येईनात म्हणून तो खाली उतरत आला, आणि येऊन बघतो तर हे.

"माज्याकडं बगितलं आन म्हनला, 'नाथाजी, घाबरू नगंस.'" राहीबाई हसायला लागली, हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "तवाबी नाथाजीच! थैली घेतली त्येनं, आन पळत सुटला. मला वाटलं, मेल्यानं टाकलं मला. पर त्येनं वरनं आपल्या वस्तीवर थैली पुढच्या गड्याच्या हातात दिली, आन आपल्या आईला, भावजयीला घिऊन खाली आला. तवर ही आल्ती. येवढीशी. कोटात गुंडाळली हुती मी."

"कोन? मी?" बनुबाई म्हणाली.

"तू न्हाईतर कोन? दुसरं कोन हाय मला?"

बनुबाई उठून छपराबाहेर गेली आणि डोंगराकडं तोंड करून उभी राहिली. तो चढ वस्तीवरून दिसत होता. मुंबईला जाईपर्यंत लहानपणी ती तिथूनच सरपण आणायची. त्रिशला तिच्या मागोमाग गेली. तिच्या शेजारी उभी राहिली.

आत मगदुमांनी विचारलं, "थैली त्या दिवशी वेळेवर पोचली, मावशी?"

"पोचली की!" राहीबाईनं ताडकन सांगितलं. "न पोचाय काय झालं?" मग म्हणाली, "लिवा आता माजं. त्येला आवडंल. आन न्हाई आवडलं तर वर गेल्यावं बगू आमी दोगं."

ते प्रकरण नव्यानं लिहायला उन्हाळा गेला. या वेळी त्रिशला नुसती उतरवून घेत नव्हती, अडवत होती. 'वीरांगना' हा शब्द तिनं खोडला. 'कर्तव्यदक्ष' खोडला. "ती असलं काही म्हणाली नव्हती," एवढंच ती सांगायची, आणि मगदूम कुरकुरत मान्य करायचे.

सरकारी नोकरानं पुस्तक छापायचं म्हणजे परवानगी लागते. मगदूम साताऱ्याला वरच्या साहेबांकडं गेले. खात्याला फसवलं म्हणून चाळीस वर्षांमागचं काही उकरून काढतील की काय, अशी त्यांना भीती होती. साहेबांनी कागद ठेवून घेतले आणि दोन दिवसांनी बोलावलं.

"मगदूम, या बाईचं नाव आपल्या कुठल्याच दप्तरात नाही."

"नाही, साहेब. नसणारच."

"म्हणजे हे फक्त तिच्या तोंडचं."

"तिच्या तोंडचं. तसं मी लिहिलंय. खात्याकडं नोंद नाही, हेही लिहिलंय."

साहेब पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "खात्यानं हे मान्य केलंय असं कुठं येऊ देऊ नका. बाकी माझी हरकत नाही." आणि मगदूम दाराशी पोचल्यावर मागून विचारलं, "ती मुलगी सध्या काय करते?"

"मुंबईत असते, साहेब. तिची मुलं शाळेत आहेत."

"बरं," साहेब म्हणाले, आणि सही केली.

सांगलीला परत बदली झाल्यावर पुस्तकाचं घोडं नानासोंच्या छापखान्यात अडून बसलं. कधी कागद नाही, कधी निवडणुकीची पत्रकं, कधी लग्नसराईच्या पत्रिका. मगदूम ऑफिस सुटलं की छापखान्यात जाऊन बसत. खिळे जुळवणारा माणूस त्यांना बघून कंटाळला, मग त्यांचा मित्र झाला. अठ्ठ्याहत्तर साली मगदूम निवृत्त झाले आणि त्याच महिन्यात पुस्तक हातात आलं. बारीकसं, पिवळसर कागदाचं, मुखपृष्ठावर एका जुन्या पाकिटाचं चित्र. आतल्या पानावर 'पक्की प्रत : सौ. त्रिशला मगदूम' अशी ओळ होती. ती मगदुमांनी तिला न सांगता घातली होती. ती वाचून त्रिशला म्हणाली, "हे कशाला?" आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बराच वेळ बाहेर आली नाही.

प्रकाशनाचा समारंभ साधाच होता. एका वाचनालयाची खोली, सतरंज्या, पोस्टातले सोबती, पेठेतले दोन-तीन व्यापारी. राहीबाईला गुंडाकडून निरोप गेला होता. एवढ्या लांब ती येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. पण दुपारच्या एसटीनं ती बनुबाईचा हात धरून उतरली. स्वच्छ धुतलेलं हिरवं लुगडं, आणि नव्या वहाणा, चावतात म्हणून अर्ध्या वाटेत हातात घेतलेल्या.

नानासो बोलले, मगदूम बोलले. राहीबाईला कुणी बोलायला सांगितलं तर ती म्हणाली, "मला काय बोलाय येतंय? लिवलंय त्येंनी." मग पुस्तक हातात घेऊन तिनं त्रिशलाला विचारलं, "ह्यात ज्ञानू कुठं हाय?" त्रिशलानं पान काढून दिलं. राहीबाईनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बनुबाईला दाखवलं. "ह्यो बग."

परतीची एसटी संध्याकाळी होती. मधल्या वेळात त्रिशला दोघींना कृष्णेच्या घाटावर घेऊन गेली. मगदूम मागून आले. पावसाळा नुकताच सरला होता, नदी दोन्ही काठ भरून वाहत होती. राहीबाई पायऱ्यांवर बसली आणि बघतच राहिली.

"येवढं पानी," ती शेवटी म्हणाली, "आन ह्ये समदं जातंया कुटं?"

"कर्नाटकात," बनुबाईनं सांगितलं.

"जाऊ द्या बापडं."

मगदुमांना इतक्या दिवसांत एक गोष्ट विचारायची राहून गेली होती. भाल्याला घुंगरं किती होती आणि ती पितळेची होती की काशाची, याबद्दल त्यांच्याकडच्या दोन कागदांत मेळ नव्हता. दुसरी आवृत्ती निघाली तर दुरुस्त करता येईल, असा त्यांनी विचार केला. खिशातून पेन काढून ते दोन पायऱ्या खाली उतरले.

"मावशी, एक विचारू का? त्या भाल्याची घुंगरं..."

त्रिशलानं त्यांच्या बाहीला धरलं. "अहो, आता पुरे. बसू द्या तिला."

मगदूम ओशाळून थांबले. पेन खिशात ठेवून तेही पायरीवर बसले. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. राहीबाई बनुबाईला शेळ्यांबद्दल काहीतरी सांगत होती, मधली काळी शेळी आता व्यायला झाली असंल, गुंडाच्या बायकोनं तिला आत बांधली का न्हाई कुणास ठाऊक. बनुबाई म्हणाली, "बांधली आसंल गं." त्रिशलानं पिशवीतून शेंगदाण्याचे लाडू काढले आणि एकेक सगळ्यांच्या हातावर ठेवला.